ध्यानस्थ भिक्षू आणि तारांची टोपी

मन म्हणजे मेंदूच, की आणखी काही? अडीच हजार वर्षांची बौद्ध परंपरा आणि त्या मानाने कालपरवाचे मेंदूविज्ञान या प्रश्नावर समोरासमोर बसले. त्या बैठकीतून काय हाती लागले, त्याची ही हकिगत.

हिमाचल प्रदेशातील धर्मशाळा. साल १९९२. नामग्याल मठात तरुण भिक्षू दाटीवाटीने बसले होते. परदेशातून आलेले काही शास्त्रज्ञ मेंदूतील विद्युतलहरी कशा मोजतात, ते त्यांना दाखवणार होते. प्रात्यक्षिकासाठी फ्रान्सिस्को वारेला हे शास्त्रज्ञ स्वतःच खुर्चीत बसले. त्यांच्या डोक्यावर एकेक इलेक्ट्रोड चिकटवण्यात बराच वेळ गेला. तोपर्यंत सहकारी त्यांच्याभोवती उभे असल्यामुळे समोरच्या भिक्षूंना काहीच दिसत नव्हते. काम आटोपले, सहकारी बाजूला झाले आणि डोक्यापासून शेवयांसारख्या तारा लोंबत असलेले वारेला सर्वांना दिसले. मठात एकच हशा पिकला!

वारेलांचा तो अवतार पाहून भिक्षू हसत आहेत, असे पाहुण्यांना वाटले. पण हसण्याचे कारण वेगळेच होते. हे लोक म्हणे करुणेचा अभ्यास करायला आले आहेत, आणि तारा लावताहेत डोक्याला! करुणा का कुठे डोक्यात असते? ती असते हृदयात. या पथकातले रिचर्ड डेव्हिडसन हा प्रसंग पुढे अनेक वर्षे सांगत आले आहेत.

भिक्षूंचे हसणे आपल्याला तरी परके वाटू नये. ‘आज डोकं चालत नाही’ म्हणताना आपला हात कपाळाला लागतो आणि ‘मनाला फार लागलं’ म्हणताना तोच हात छातीवर जातो. मन नेमके राहते कुठे, याबद्दल आपण स्वतःही पक्के ठरवलेले नसते. शास्त्रज्ञ आणि भिक्षू यांच्यात जी दीर्घ बोलणी झाली, ती याच प्रश्नाभोवती.

दुर्बिणीतून दिसलेला चंद्र

या बोलण्यांच्या मुळाशी एका मुलाचे कुतूहल आहे. ल्हासातील पोताला राजवाड्यात वाढणाऱ्या चौदाव्या दलाई लामांना, म्हणजे तेन्झिन ग्यात्सो यांना, तेराव्या दलाई लामांच्या सामानात एक दुर्बीण सापडली. एका रात्री त्यांनी ती चंद्राकडे वळवली. चंद्रावर डोंगर दिसले आणि त्या डोंगरांच्या सावल्याही दिसल्या. सावली पडते याचा अर्थ प्रकाश बाहेरून येतो आहे. जुन्या बौद्ध ग्रंथांत तर चंद्र स्वयंप्रकाशी असल्याचे सांगितले होते. मुलाने आपल्या गुरूंना बोलावून दुर्बिणीतून पाहायला लावले. गुरूंनाही सावल्या मान्य कराव्या लागल्या.

ही आठवण दलाई लामांनी पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विज्ञानविषयक पुस्तकात लिहिली. त्याच पुस्तकात त्यांनी स्पष्ट भूमिका घेतली आहे की, बौद्ध मतातील एखादी गोष्ट चुकीची असल्याचे विज्ञानाने निर्विवादपणे सिद्ध केले, तर बौद्धांनी विज्ञानाचा निष्कर्ष स्वीकारावा आणि जुने मत सोडून द्यावे. एका धर्मगुरूने असे म्हणावे, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र चंद्राबद्दलचे मत सोडणे वेगळे आणि ज्यावर पुनर्जन्माची सारी इमारत उभी आहे ते मत पणाला लावणे वेगळे. पुढे ती वेळही आली.

तिबेट सोडून १९५९ मध्ये भारतात आल्यानंतर दलाई लामांची अनेक शास्त्रज्ञांशी ओळख झाली. १९८३ मध्ये ऑस्ट्रियातील एका परिषदेत त्यांना वारेला भेटले. वारेला मूळचे चिली देशाचे, जीवशास्त्रज्ञ आणि स्वतः बौद्ध ध्यानपद्धतीचे साधकही. त्यांनी आणि अॅडम एंगल या अमेरिकन वकील-उद्योजकाने मिळून पुढाकार घेतला आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये धर्मशाळेत निवडक शास्त्रज्ञ व दलाई लामा यांची पहिली बैठक भरली. भाषणे, हारतुरे काही नाही. आठवडाभर समोरासमोर बसून नुसती प्रश्नोत्तरे. यातूनच ‘माइंड अँड लाइफ’ ही संस्था उभी राहिली.

दुसरी बैठक ऑक्टोबर १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात झाली. दलाई लामांना नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाल्याची बातमी त्याच दिवसांत आली. या बैठकीत पॅट्रिशिया चर्चलंड या तत्त्वज्ञ विदुषी होत्या. मन म्हणून मेंदूवेगळे काही नाही, हे त्यांचे ठाम मत. मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दमासिओही होते. म्हणजे हो ला हो म्हणणारी मंडळी गोळा केली होती, असे नव्हे.

शस्त्रक्रियेनंतरचा एक प्रश्न

दलाई लामांनी आपल्या पुस्तकात आणखी एक प्रसंग सांगितला आहे. अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी मेंदूची शस्त्रक्रिया पाहिली. विचार, भावना, स्मृती या साऱ्या गोष्टी मेंदूतील रासायनिक आणि विद्युत घडामोडींतून निर्माण होतात, असे त्यांना शास्त्रज्ञ नेहमीच सांगत. त्यांनी शल्यविशारदांना विचारले, हे उलट दिशेनेही घडत असेल का? म्हणजे निव्वळ विचाराने मेंदूत बदल होऊ शकेल का?

शल्यविशारदांनी ही शक्यता तिथल्या तिथे मोडीत काढली. दलाई लामांनी सौजन्याने विषय वाढवला नाही. पण त्यांच्या मनातून तो गेला नाही.

त्या काळी बहुतेक तज्ज्ञांचे उत्तर असेच असे. प्रौढ माणसाचा मेंदू म्हणजे एकदा ओतून घट्ट झालेला साचा, असा समज होता. तो समज हळूहळू ढासळत गेला. १९९५ मध्ये आल्व्हारो पास्क्वाल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी काही लोकांना पाच बोटांनी पियानो वाजवण्याचा एक धडा दिला. रोज दोन तास, असे पाच दिवस. एका गटाने तो प्रत्यक्ष वाजवला. दुसऱ्या गटाने बोट न हलवता, आपण वाजवतो आहोत अशी नुसती कल्पना केली. बोटांच्या हालचाली चालवणारा मेंदूचा भाग दोन्ही गटांत विस्तारला होता! प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांचा हात अधिक बसला हे खरे, पण केवळ मनातल्या सरावानेही मेंदूत फरक पडला होता.

२००० साली लंडनच्या टॅक्सीचालकांचा अभ्यास पुढे आला. त्या शहरातील हजारो रस्त्यांचा नकाशा डोक्यात साठवणाऱ्या या चालकांमध्ये हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. गायक रियाज करतो, पहिलवान जोर-बैठका काढतो, तसा मेंदूही सरावाने घडतो, हे आता पाठ्यपुस्तकात शिकवले जाते. दलाई लामांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, एवढे तरी ठरले.

यंत्रात बसलेले साधक

रिचर्ड डेव्हिडसन हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ. १९९२ मध्ये दलाई लामांनी त्यांना विचारले, ज्या उपकरणांनी तुम्ही नैराश्य आणि चिंता यांचा अभ्यास करता, त्याच उपकरणांनी दया आणि करुणा यांचा अभ्यास का करत नाही? डेव्हिडसन यांच्याकडे याचे पटण्यासारखे उत्तर नव्हते. त्या प्रश्नाने आपल्या संशोधनाची दिशाच बदलली, असे ते सांगतात.

धर्मशाळेच्या वरच्या डोंगरात एकांतात राहणाऱ्या साधकांकडे ही मंडळी यंत्रांची ओझी घेऊन चढली होती. त्यातून हाती फारसे काही आले नाही. साधकांनी नम्रपणे नकार दिला. मग डोंगरातले साधक प्रयोगशाळेत आणायचे ठरले. यात मोलाची मदत झाली मातिए रिकार यांची. रिकार मूळचे फ्रेंच. पॅरिसच्या विख्यात पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये नोबेलविजेते फ्रान्स्वा जाकोब यांच्या हाताखाली त्यांनी पेशींच्या आनुवंशिकतेवर डॉक्टरेट मिळवली आणि १९७२ मध्ये ते सारे सोडून ते हिमालयात आले, पुढे भिक्षू झाले. शास्त्रज्ञांची आणि भिक्षूंची, दोघांचीही भाषा त्यांना येत होती.

२००४ मध्ये आंत्वान लुट्झ, रिकार, डेव्हिडसन आणि इतर सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आठ अनुभवी साधक आणि दहा विद्यार्थी अशी तुलना होती. साधकांची आयुष्यभरातील ध्यानाची बेरीज १० हजार ते ५० हजार तास भरत होती. विद्यार्थ्यांना फक्त एक आठवडा शिकवले होते. सर्वांना एकच काम दिले. कोणा एकासाठी नव्हे, तर निरपवाद सर्वांसाठी मनात करुणा जागवायची.

साधकांच्या मेंदूत ‘गॅमा’ नावाच्या वेगवान लहरी एवढ्या जोरकसपणे उमटल्या की, संशोधकही चकित झाले. मेंदूच्या दूरदूरच्या भागांतील लहरी एका तालात आल्या होत्या. विशेष म्हणजे ध्यान सुरू करण्यापूर्वी, नुसते स्वस्थ बसलेले असतानाही साधकांची नोंद विद्यार्थ्यांपेक्षा वेगळी होती.

विरोधाचा सूर

या निष्कर्षांना जगभर प्रसिद्धी मिळाली. तशा शंकाही उपस्थित झाल्या आणि त्या रास्त होत्या. आठ माणसांवरून साऱ्या मानवजातीबद्दल काय सांगणार? ध्यानामुळे या मेंदूंत बदल झाला, की असा मेंदू असलेली माणसेच ध्यानाकडे वळतात? रिकार स्वतः साधक म्हणून यंत्रात बसले होते आणि शोधनिबंधाच्या लेखकांतही होते. हे कितपत योग्य, असेही विचारले गेले.

२००५ च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन येथे मेंदूवैज्ञानिकांच्या मोठ्या वार्षिक अधिवेशनात दलाई लामांचे व्याख्यान ठरले. शेकडो जणांनी त्याविरुद्ध निवेदनावर सह्या केल्या. विज्ञानाच्या व्यासपीठावर धर्मगुरू कशाला, हा त्यांचा आक्षेप. सह्या करणाऱ्यांत चिनी वंशाचे बरेच शास्त्रज्ञ होते, त्यामुळे यात राजकारण किती आणि विज्ञान किती, अशीही चर्चा झाली. आयोजक मात्र आपल्या निर्णयावर ठाम राहिले. व्याख्यान झाले आणि हजारोंनी ते ऐकले.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी पोकळ नव्हते, हे पुढे दिसून आले. आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गाने मेंदूची रचना बदलते, असे निष्कर्ष मधल्या काळात गाजले होते. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक लोकांवरील काटेकोर चाचण्यांत तसा कोणताही रचनात्मक बदल आढळला नाही. आणि हे संशोधन कुणाचे? डेव्हिडसन यांच्याच केंद्राचे! ध्यानवर्गातून लोकांना बरे वाटत नाही, असा याचा अर्थ नाही. दोन महिन्यांत मेंदूची घडण पालटते, या जाहिरातबाजीला मात्र आधार उरला नाही. मनाच्या गंभीर आजारात औषधे थांबवून केवळ ध्यानावर विसंबणे तर धोक्याचेच.

रथ नेमका कुठे आहे?

एका बाबतीत मात्र दोन्ही बाजूंचे चटकन जुळले. ‘मी’ म्हणून आत कोणी कायमचा मालक बसलेला आहे का? बुद्धाने याचे उत्तर नकारार्थी दिले. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. नागसेन राजाला विचारतात, आपण ज्यातून आलात तो रथ कोणता? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. सुटे भाग एकत्र आले की त्याला रथ हे नाव मिळते. ‘नागसेन’ हेही तसेच नाव. (डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला याच राजाचे नाव मिळाले.)

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनाही असेच काहीसे आढळते. रंग ओळखणारा भाग एक, हालचाल टिपणारा दुसरा, चेहरे ओळखणारा तिसरा. पण या साऱ्यांचे अहवाल ज्याच्या टेबलावर जातात, असा साहेब बसण्याची खोली मेंदूत कुठेही सापडलेली नाही. कोट्यवधी पेशींच्या देवाणघेवाणीतून ‘मी’पणाची भावना उमटत राहते, नदीच्या प्रवाहासारखी. बौद्ध परंपराही जाणिवेचे वर्णन प्रवाह म्हणूनच करते.

सर्वांत अवघड कोडे

हे जमले, पण या प्रवाहाचा उगम कोठे? इथे वाटा फुटतात.

डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने १९९० च्या दशकाच्या मध्यात या कोड्याला ‘कठीण प्रश्न’ असे नावच देऊन टाकले. हापूस आंबा तोंडात टाकल्यावर जिभेकडून मेंदूकडे कोणते संदेश गेले, ते शास्त्रज्ञ दाखवू शकतात. पण त्या संदेशांतून आंब्याची ‘चव’ म्हणून जे काही आपण अनुभवतो, ते कसे आले? अनुभव मुळात असतोच का? याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही.

तिबेटी बौद्धांचे उत्तर असे की, स्थूल जाणीव मेंदूवर अवलंबून असली तरी तिच्या तळाशी एक अतिसूक्ष्म जाणीव असते आणि ती देहाबरोबर संपत नाही. पुनर्जन्माची कल्पना यावरच आधारलेली आहे. सिद्ध साधक मृत्यूनंतर काही काळ या सूक्ष्म जाणिवेत ध्यानस्थ राहतो, असे ते मानतात. या अवस्थेला ‘तुकदम’ म्हणतात. श्वास आणि हृदय थांबलेले असते, पण देह ताठ बसलेला राहतो आणि चेहऱ्यावरचा तजेला जात नाही, असे सांगितले जाते. दलाई लामांचे गुरू लिंग रिन्पोछे १९८३ मध्ये गेले. ते तेरा दिवस या अवस्थेत होते, असे दलाई लामांनी नमूद केले आहे.

आता इथे पणाला काय लागले आहे, ते लक्षात घ्यायला हवे. तुकदम ही भक्तांच्या दृष्टीने अत्यंत पवित्र वेळ. आपल्या गुरूचा देह ध्यानात आहे अशी श्रद्धा असताना त्याच्या डोक्याला तारा लावू द्यायच्या! घरातल्या माणसाचे पार्थिव समोर असताना तिऱ्हाइताला हात लावू द्यायचा, ही कल्पनाच आपल्याला सहन होणार नाही. पण दलाई लामांनी स्वतःच डेव्हिडसन यांना हा अभ्यास करण्यासाठी प्रोत्साहन दिले. भारतातील तिबेटी वसाहतींत उपकरणे पोहोचली आणि मठांनी त्यांना दारे उघडली.

निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवंत भिक्षूंच्या डोक्याला तीच उपकरणे लावली असता आवाजाला मेंदूने दिलेला प्रतिसाद स्पष्ट दिसला. तुकदममधील एकाही देहाच्या बाबतीत मेंदूची ओळखता येण्याजोगी कोणतीही लहर मिळाली नाही. उपकरणे पोहोचायला वेळ लागे, त्यामुळे मृत्यूनंतरच्या अगदी पहिल्या काही तासांत काय घडते, याचा उलगडा या नोंदींतून होत नाही. तरीही निकाल कोरा होता आणि तो कोराच छापला गेला.

यावर श्रद्धावान म्हणेल, सूक्ष्म जाणीव मेंदूत नसतेच, मग ती यंत्रात दिसेल कशी? शास्त्रज्ञ म्हणेल, जे कोणत्याही यंत्रात दिसू शकत नाही, ते आहे असे म्हणायचे तरी कशावरून? वाद इथे येऊन थांबतो. मेंदूवाचून जाणीव राहते, याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. मेंदूतून जाणीव कशी उगवते, हेही कुणाला सांगता आलेले नाही.

सारे बौद्ध याबाबत एकाच मताचे आहेत, असेही नाही. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा आत्मा त्यांनी त्यात साफ नाकारला आणि बुद्धाचा पुनर्जन्मविषयक विचार भौतिक द्रव्यांच्या भाषेत समजावून सांगितला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर नतमस्तक होणारा उपासक आणि धर्मशाळेतील लामा दोघेही बुद्धालाच शरण जातात, पण या एका प्रश्नावर त्यांची उत्तरे वेगळी असू शकतात.

मठातील फळा

वारेला २००१ मध्ये वयाच्या अवघ्या चोपन्नाव्या वर्षी वारले. त्यांनी सुरू केलेली बोलणी मात्र थांबली नाहीत. जानेवारी २०१३ मध्ये ‘माइंड अँड लाइफ’ची परिषद कर्नाटकातील मुंडगोड येथे द्रेपुंग मठात, हजारो भिक्षूंच्या उपस्थितीत भरली. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या साहाय्याने भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि मेंदूविज्ञान हे विषय आता मोठ्या तिबेटी मठांच्या शिक्षणक्रमात आले आहेत. जिथे शतकानुशतके फक्त ग्रंथांवर वादविवाद चालत, तिथल्या फळ्यावर मज्जापेशीची आकृती काढलेली दिसते. नामग्याल मठातील भिक्षू ज्या टोपीला हसले, ती कशासाठी असते, हे आजचा भिक्षू समजावून सांगू शकतो.

शास्त्रज्ञही थोडे बदलले. करुणा हा प्रयोगशाळेत अभ्यासण्याजोगा विषय आहे, असे १९९० च्या सुमारास म्हणणाऱ्याला सहकारी हसले असते. आज त्यावर रीतसर संशोधन होते. माणूस स्वतःच्या मनाकडे सरावाने, शिस्तीने पाहू शकतो आणि त्या पाहण्याला काही मोल आहे, हे शास्त्रज्ञ भिक्षूंकडून शिकले.

मन मेंदूत आहे की मेंदूपलीकडे, याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोपर्यंत या हकिगतीतून आपल्यापुरते एक घेण्यासारखे आहे. आपल्या घरोघरी श्रद्धा आणि विज्ञान यांचे भांडण जुंपले की, दोन्हीकडचे आवाज चढतात आणि कुणीही आपले मत तपासायला देत नाही. इथे एका धर्मगुरूने आपली सर्वांत जिव्हाळ्याची श्रद्धा तपासायला दिली आणि एका शास्त्रज्ञाने आपल्याच केंद्राच्या क्षेत्रातील गाजलेला दावा खोडून काढणारे निष्कर्ष दडवले नाहीत. लहानपणी दुर्बिणीत दिसलेली सावली पाहून गुरूंना हाक मारणारा तो मुलगा म्हातारपणीही तेच करत राहिला. या, तुम्हीही पाहा, आणि जे दिसेल ते मान्य करा.